नानांच्या बिडीवर ढकललेली आग

अन्याय झाला तो माझ्या चुलत चुलत्यावर, गंगारामनानांवर. केव्हा झाला तेही नेमकं सांगते: भाताची झोडणी उरकल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, बुधवारी, भोरहून येणारी चारची एसटी हिर्डोशीच्या अलीकडच्या वळणावर हॉर्न वाजवून गेली त्यानंतर तासाभरात, आमच्या जळक्या गोठ्यापुढे, सगळी वस्ती उभी असताना. आणि कुणी केला? ‘परिस्थितीने केला’, ‘गैरसमजातून झाला’ असलं गुळगुळीत काही मी लिहिणार नाही. गावोगाव वाटतो त्या पत्रकात आम्ही आधी नाव छापतो, मग बाकीचं. अन्याय मी केला. मी, करुणा, तेव्हा सतरा वर्षांची, बारावीत शिकणारी, वस्तीत हुशार म्हणून गाजलेली. एक वाक्य बोलले आणि त्या माणसाची आयुष्यभराची पत घालवली. ते वाक्य मागे घ्यायला मला सहा महिने लागले, आणि ते अजून पुरतं मागे आलेलं नाही. परवाच एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी मला ओळखलं आणि हसत विचारलं, “तुज्याच नानाच्या बिडीनं गोठा जळाला व्हता ना गं?” म्हणून हे प्रकरण लिहायला बसले. बाकी लहानपणात लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण हे आधी.

माझे बाबा पोस्टमन. दिवसभर सायकलवरून डाक वाटायची आणि संध्याकाळी किंवा रविवारी पाखरं जोडत बसायचं, असा त्यांचा दिनक्रम. पाखरं लोखंडाची. वाटेवरच्या गावांतून मोडके विळे, झिजलेले नांगराचे फाळ, सायकलच्या साखळ्या टपालाच्या पिशवीबरोबर घरी यायच्या आणि विळ्याची चोच, फाळाचं पोट, साखळीची शेपटी असा एखादा बगळा किंवा कोंबडा तयार व्हायचा. ते विकत नसत. ज्याला आवडेल त्याला देऊन टाकायचे. आमच्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक घराच्या छपराच्या पाख्यावर आमचं एक पाखरू बसलेलं होतं. आई ह्या उद्योगाला ‘कारखाना’ म्हणायची आणि त्यात कौतुक कमी, वैताग जास्त असायचा. कटर सुरू झाला की चुलीपुढून तिचा आवाज यायचा, “अवो, भाकरीत लोखंड यील आता!” कटर म्हणजे चाक लावलेला ग्राइंडर; त्याची किंचाळी, मग वेल्डिंगचा चरचराट, मग हातोडीचे दोन-तीन ठोके, आणि मधेच पलीकडून बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज. नाचणीची गरम भाकरी, भाजलेला बोंबील, मिरचीचा खर्डा आणि हवेत तापलेल्या लोखंडाचा वास. माझं लहानपण मला त्या वासासकट आठवतं. बाबांनी मला चौदाव्या वर्षी हातात कटर दिला. मुलीच्या जातीला हे शोभतं का, असं विचारणारे होतेच. त्यांच्याबद्दल मी नंतर पत्रकं काढली.

हा कारखाना होता गोठ्यात. माझे आजोबा आणि नानांचे वडील सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा घरं वेगळी झाली, पण गोठा एकच राहिला, मधे कूड घालून दोन भाग केलेला. आमच्याकडे डोंगरातली कारवी तोडून आणतात, तिच्या काठ्या उभ्या शेजारीशेजारी बांधतात आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपतात. त्या भिंतीला कूड म्हणायचं. दिसायला मातीची, आतून लाकडाची. आमच्या भागातली म्हैस गेल्यावर तिथे बाबांचा कारखाना आला. पलीकडच्या भागात नानांचे दोन बैल आणि कुडाला लागून थेट पत्र्यापर्यंत रचलेला वर्षभराचा पेंढा. मधली भिंत लिंपलेली, गुळगुळीत, दर सणाला आई सारवायची. तिच्यात काठ्या आहेत हे माझ्या लेखी संपलेलं होतं. मातीची भिंत कुठे जळते का? हे मीच नव्हे, आमच्याकडचा कुणीही म्हणाला असता.

नाना कारखान्याच्या उंबऱ्याच्या दगडावर बसायचे. हे त्यांचं ठरलेलं ठिकाण. “पोष्टमन, ह्या बगळ्याची मान लई लांब झाली. मासा गिळल तवा उद्या पोटात पोचायचा,” अशी टीका चालायची. बिडी पेटवायचे, अर्धी ओढायचे, दगडावर घासून विझवायचे, विझलेलं टोक थुंकीने ओलं करायचे आणि उरलेली अर्धी कानावर खोवायचे. हा क्रम मी हजार वेळा पाहिलेला आहे. हे वाचताना लक्षात ठेवा. आणि दुसरंही लक्षात ठेवा. भाताचं रोप टाकायच्या आधी आमच्याकडे राब भाजतात. जमिनीच्या तुकड्यावर डहाळ्या, पाला, शेण पसरून ते पेटवायचं. वैशाखाच्या तोंडावर, सगळा डोंगर वाळून कडकडीत झालेला असताना हे काम करायचं म्हणजे जोखीम. त्यासाठी आख्ख्या वस्तीत एकच माणूस बोलावला जायचा, तो म्हणजे नाना. ते आधी राबाभोवती दोन हात रुंदीचा पट्टा खरवडून उघडा करायचे, वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचे, आणि आग बसल्यावर बाकीचे भाकरी खायला निघून गेले तरी हातात ओला टहाळा घेऊन एकटेच बसून राहायचे. राखेत हात घालता येईपर्यंत उठायचे नाहीत. त्यांच्या हातून कधी एक गवताची काडी जास्त जळाली नाही. अशा माणसाला मी आग लावणारा ठरवलं.

त्या बुधवारी कॉलेजला सुट्टी होती, बाबा डाक घेऊन गेले होते आणि मी टिटवी करत होते. नानांनीच मागितलेली. “सगळ्यास्नी पाखरू दिलंस, मला न्हाई. मला टिटवी पायजे. राखण करती ती.” तिचे पाय लांब हवेत म्हणून मी जुन्या स्प्रिंगची पट्टी कापत होते. मी बेफिकीर नव्हते, हे मुद्दाम लिहिते. जमीन झाडून घेतली होती, पेंढ्याची काडी आमच्या बाजूला राहू दिली नव्हती, पाण्याची बादली भरून ठेवली होती, ओढणी मागे बांधली होती, डोळ्यांवर चष्मा होता. ठिणग्यांचा पिसारा गुडघ्याच्या उंचीवर कुडावर जाऊन आपटत होता आणि विझत होता. मला तो बघायला आवडायचा. एक वाजता काम संपलं. भूक लागली होती. कटर बंद केला, वायर काढली, बादलीत हात बुचकळले आणि घरी गेले. नाना तेवढा वेळ उंबऱ्यावर होते. मी निघाले तसे तेही उठले.

चारची एसटी गेली आणि आईने हाक मारली. हाक नव्हती, किंकाळी होती. नानांच्या बाजूच्या पेंढ्यातून आधी पिवळा धूर आला आणि मग पेंढा एकदम भडकला. नानांनी आत शिरून दावी तोडली, बैल बाहेर हाकलले. त्यात त्यांचा डावा हात मनगटापर्यंत भाजला. हापशापासून गोठ्यापर्यंत बायकांनी रांग लावून कळश्या दिल्या. तासाभरात आग आटोक्यात आली तेव्हा पेंढ्याचा काळा चिखल झाला होता, पत्रे पापडासारखे वाकले होते, नानांकडचा अर्धा कूड पडला होता. आमचा भाग जवळजवळ शाबूत होता. टिटवीचे पाय टेबलावर तसेच होते.

“हितं कोण व्हतं दुपारी?” दौलतभाऊंनी विचारलं. दौलतभाऊ म्हणजे वस्तीतले कारभारी म्हणा ना, प्रत्येक चौकशी त्यांनीच करायची.

मी म्हणाले, “नाना बसले होते. बिडी ओढत होते.”

हेच ते वाक्य. यातला शब्द न् शब्द खरा आहे. मीही तिथे होते, ठिणग्या उडवत होते, हे मी बोलले नाही. लपवायचं म्हणून नाही. माझं काम एक वाजता संपलं होतं, लोखंड केव्हाच गार झालं होतं, आग चारनंतरची. माझ्या डोक्यात माझा संबंधच आला नाही. आज मला राग येतो तो ह्याचाच. स्वतःला संशयातून वगळायला मला अर्ध्या मिनिटाचाही विचार करावा लागला नाही.

“म्या इझवली व्हती,” नाना म्हणाले. भाजलेला हात त्यांनी छातीशी धरला होता. दुसऱ्या हाताने कानावरची अर्धी बिडी काढून त्यांनी पुढे केली. “ही बगा. हीच ती.”

“ती दुसरी आसंल, नाना! तुमी काय एकावर थांबताय व्हय?” कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. आगीतून सुटल्यावर माणसं हसतात तसं हसले. नानांनी बिडीकडे एकदा बघितलं आणि ती खाली टाकली. त्यानंतर त्यांनी कधी बिडी ओढलेली मी पाहिली नाही.

आमच्याकडे रीत आहे. कुणाचा पेंढा जळाला तर घरटी पाच पेंढ्या द्यायच्या. कुणी मागायचं नसतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रचलेल्या मिळतात. ह्या वेळी दिल्या, पण तोंड वाजवत दिल्या. सरूआजी, वस्तीतली सर्वांत म्हातारी आणि जिभेची तिखट, पाचातल्या दोनच घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, “आपलाच पेंढा आन आपलीच बिडी! गंग्या, बैलास्नी आता बिड्याच चार.” नानांनी एकही पेंढी आत घेतली नाही. दुपारी टेम्पो आला, दोन्ही बैल त्यात चढवले आणि विंझरला लेकीकडे पाठवून दिले. ज्यांच्या दारात बैल नाही त्यांनी शेती दुसऱ्याच्या सवडीने करायची. उंबऱ्याचा दगड रिकामा राहिला. बाबांनी मला बाकीची टिटवी जोडायला सांगितलं. मी टाळाटाळ करत राहिले.

चैत्र संपता संपता राब भाजायला सुरुवात झाली. त्या वर्षी नानांना कुणी बोलावलं नाही. माझ्या बाबांनीही नाही. “लोक नावं ठेवतील,” म्हणाले. चारी बाजूंना धूर चढत होता आणि नाना अंगणात धुराकडे पाठ करून दोरखंड वळत बसले होते. बैल नव्हते, दोरखंड कशासाठी वळत होते, कोण जाणे.

नंतर पावसाच्या आधी गोठा सारखा करायचा म्हणून उरलेला कूड पाडायला घेतला. पहार माझ्या हातात होती. माझ्या टेबलासमोर, गुडघ्याच्या उंचीवर, उंदराचं एक भोक होतं. लिंपलेल्या भिंतीत अंगठा जाईल एवढं. तिथे पहार घातली आणि ढलपा निघाला. आतल्या कारवीच्या काठ्या काळ्या होत्या. बाहेरची माती जशीच्या तशी, सारवलेली, आणि आत कोळसा. मी पहार टाकली आणि हाताने ढलपे काढत गेले. भोकापासून काळी वाट तिरकी वर चढत नानांच्या बाजूला, जिथे पेंढा टेकलेला होता तिथे, बाहेर पडली होती. भोकाच्या तळाशी उंदराने जमवलेल्या भुश्शाची राख होती, आणि राखेत तिळाएवढे लोखंडाचे मणी. कापताना उडतात ते. दुसऱ्या कशाचे नसतात. ठिणगी एकच्या आधी आत शिरली होती आणि तीन तास भिंतीच्या पोटात धुमसत चालत गेली होती. आणि तेवढा वेळ मी घरात भात-आमटी जेवून इतिहासाचं पुस्तक उघडून बसले होते.

बाबांनी ते बघितलं. मग म्हणाले, “टेबल म्याच हितं मांडलं. भिंत म्या बघायला पायजे व्हती. म्या सांगतो नानाला, एकांतात. पण लोकांत आता कशाला उकरायचं? लोक इसरल्यात.”

“नाना विसरलेत का?”

बाबा पडलेले ढलपे पायाने एका बाजूला सारू लागले.

“लोकांत बोलले होते मी. एकांतात कसं मागे घेऊ?”

आई भाकरी थापता थापता म्हणाली, “पोरगी बराबर बोलती. आन तुमी राबाला बोलावलं न्हाई त्येंना, त्ये पन सांगा.”

नानांकडे मी एकटी गेले. पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं, डोळे पुसले, असं काही झालं नाही. ते उठून गोठ्यात आले, खाली वाकले, भोकात बोट घालून राख काढली, मणी तळहातावर घेतले. मग विचारलं, “कटर बंद केल्यावर किती येळ बसलीस?”

“बसले नाही. भूक लागली होती. उठले.”

“राब भाजून कोन उठून जातं का गं?”

एवढंच म्हणाले. ह्याच्याहून मोठी शिक्षा मला आजवर कुणी केलेली नाही.

वैशाख पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटायची होती. मी कुडाचे ढलपे घमेल्यात घालून नेले होते, ते सगळ्यांच्या मधे ठेवले आणि बोलले. नानांच्या बिडीने नाही, माझ्या ठिणगीने आग लागली. ही बघा वाट. त्या दिवशी मी अर्धं सांगितलं, माझं अर्धं सांगितलं नाही. बाबाही उठले आणि राबाचं बोलले.

दौलतभाऊ म्हणाले, “म्हंजे तवा तू खोटं बोललीस?”

“खरं बोलले, भाऊ. पण तुम्ही विचारलंत कोण होतं. मीही होते.”

सरूआजी काठी टेकत आली, घमेल्यातला ढलपा उचलून डोळ्यांजवळ नेला, बोट काळं करून बघितलं. मग नानांकडे वळली. “गंग्या, म्या तुला बैलास्नी बिड्या चार म्हनलं व्हतं.”

“म्हनली व्हतीस खरी.”

“मग आता काय करू?”

“पेंढ्या दे,” नाना म्हणाले. “पाच. तवा दोनच आनल्या व्हत्यास.”

तिथे जो हशा उठला त्यात नानाही होते. वैशाखात पेंढा कुणाकडे उतू जात नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात पेंढ्यांची गंज रचली गेली. ह्या वेळी त्यांनी सगळ्या आत घेतल्या आणि बैल विंझरहून परत आले.

कारखाना बंद करू, असं बाबा म्हणाले. मी नाही म्हटलं. बंद करणं सोपं होतं, त्यात कुणी काही शिकलं नसतं. नव्याने बांधू, पण ह्या वेळी नाना सांगतील तसं. नाना आले, काठीने जमिनीवर रेघ ओढली आणि म्हणाले, “आदी पट्टा काडायचा.” गोठ्यापासून वीस पावलं लांब, दगडमातीची भिंत, आत काठी नाही, शेण नाही. चारी बाजूंना खरवडलेली उघडी जमीन. पोती, रंगाचे डबे, पातळ करायचं तेल, सगळं घराच्या दुसऱ्या टोकाला. तेलकट फडकी झाकणाच्या डब्यात आणि डबा बाहेर. ठिणग्या ज्या बाजूला उडतात तिथे जळक्या गोठ्याचाच एक पत्रा उभा केला. भिंतीतलं प्रत्येक भोक मी बोटाने चाचपून चिखलाने बुजवलं. आग विझवायचा लाल सिलिंडर भोरच्या बाजारातून आणला तो मी टेबलामागे टांगला, तर नाना म्हणाले, “आग टेबलावर लागली तर आगीतून हात घालनार का?” मग तो दाराशी आला. वाळूची बादली, पाण्याची बादली. आणि शेवटी जुन्या उंबऱ्याचा दगड आम्ही ढकलत आणून दारात बसवला. काम संपल्यावर बसायचा तो दगड. तासभर बसायचं, मोबाईल न बघता. उठताना भिंतीला दोन्ही बाजूंनी उलटा हात लावून बघायचं. आणि चारची एसटी गेली की परत येऊन पुन्हा हात लावायचा.

पहिले काही आठवडे त्या दगडावर बसून मी मनातल्या मनात चिडायचे. हे म्हातारपणाचं खूळ आहे, असंही वाटलं. मग श्रावणात एकदा, बसून पाऊण तास झाला असेल, छपराच्या पत्र्याच्या पन्हळीतून दोऱ्याएवढा धूर निघताना दिसला. चिमणीचं जुनं घरटं. खाली सगळं बघितलं होतं, वर बघितलं नव्हतं. एक तांब्या पाण्यात काम झालं. मी घरी गेले असते तर काय झालं असतं ते मला माहीत आहे, कारण एकदा झालेलं आहे.

टिटवी मी पूर्ण केली. ती नानांच्या पाख्यावर आहे. पुढच्या वर्षी राबाला बऱ्याच घरांनी नानांना बोलावलं. सगळ्यांनी नाही. दोन घरं अजून म्हणतात, ठिणगीबिणगी काही नाही, बिडीच ती. खोटी बातमी अशी मरत नाही.

मी आता भोर-वेल्ह्यात ठिणगीपासून सावध करणारी पत्रकं घेऊन फिरते. आंबवड्यात एकजण मोबाईलवर बघून घराच्या पडवीत चाकू घडवतो. पाठीमागच्या भिंतीला गवत रचलेलं. त्याला सांगितलं तर हसला, “ताई, ठिणगी तर जागच्या जागी विझती.” मी पण असंच म्हणायचे. फरक एवढाच की माझ्या वेळी सांगणारं कुणी फिरत नव्हतं. आता आहे, त्यामुळे आता तुम्हाला माफी नाही.

तेव्हा ऐका. गोठा कुणी जाळला असं कुणी विचारलं तर नानांचं नाव घेऊ नका, माझं घ्या. आणि तुमच्या घरात कटर चालत असेल, वेल्डिंग होत असेल, छंद म्हणून होत असेल, रविवारचंच होत असेल, तर हे पुस्तक आत्ता खाली ठेवा. उठा, भिंतीला वळसा घाला आणि पलीकडे काय रचून ठेवलंय ते बघून या. ते हलवा. पुढच्या वेळी काम संपलं की मात्र उठू नका. बसा.